मागचीं चाकें

पुढच्या चाकांचें नशीब थोर! त्यांना जरा कांहीं दुखलेंखुपलें, कीं स्टिअरिंग हातांत थरथरूं लागतें, गाडी एका बाजूला ओढते, आणि मालक धांवतपळत तिला गॅरेजमध्यें नेतो. मागचीं चाकें मात्र मुकीं. पुढचीं नेतील तिकडे जावें, डिकींतल्या सामानाचें ओझें वाहावें आणि झिजावें. त्यांची झीज हातांना कळत नाहीं. ती पाहावयास वांकावें लागतें, आणि आपण मध्यमवर्गीय माणसें स्वतःच्या मोटारीपुढें सहसा वांकत नाहीं!

मला मात्र हा छंद आहे. मागच्या टायरवरून मी तळहात फिरवितों. आधीं आंतून बाहेर, मग बाहेरून आंत. एका दिशेनें रबर गुळगुळीत लागलें आणि उलट दिशेनें करवतीच्या दांत्यांसारखें बोचलें, तर समजावें कीं चाक तिरपें राहून फरपटत आहे. कारागीर याला ‘टो बिघडला’ असें म्हणतात. ठिकठिकाणीं वाटीसारखे खळगे पडले असतील, तर शॉक ॲब्सॉर्बर बहुधा थकलेले असतात.

हा तिरपेपणा डोळ्यांना दिसत नाहीं. पाव अंशाचा कोन तो केवढा! पण तेवढ्यानेंही चाक दर किलोमीटरला ४ मीटरांहून अधिक आडवें घासतें. पुणें-मुंबई हें सुमारें १५० किलोमीटरांचें अंतर तोडतांना तें साडेसहाशें मीटर आडवें ओढलें जातें. मला कुणीं असें ओढलें असतें, तर अंगावर कातडी राहिली असती काय?

एका पावसाळ्याच्या तोंडावर आमच्या मागच्या डाव्या टायरनें माझ्या तळहातावर असाच ओरखडा काढला. मधली नक्षी चांगली ४ मिलिमीटर होती. आंतली कड मात्र कायद्यानें ठरविलेल्या १.६ मिलिमीटरच्याही खालीं गेलेली. घरांत उपाय तयारच होता. “बाबा, दोन नवे टायर टाकूं या, म्हणजे झालें,” चिरंजीव म्हणाले, आणि सौभाग्यवतींनीं मान डोलावली. अलाइनमेंट करणारा कारागीर तेवढा हंसला. “टाका कीं साहेब. वर्षभरानें पुन्हां याल. दोष टायरचा नाहीं, दांडा वांकलाय.”

बहुतेक लहान कौटुंबिक गाड्यांत मागचीं दोन्ही चाकें एकाच आडव्या दांड्याला जखडलेलीं असतात. १९७४ सालच्या फोक्सवॅगन गोल्फमध्यें ही रचना होती; आपल्याकडे २००५ सालीं आलेल्या स्विफ्टमध्येंही तीच. तिला जागा थोडी लागते, खर्चही थोडा. पण पुढच्या चाकांचा कोन पान्यानें फिरवून सुधारतां येतो, तशी सोय मागें बहुधा नसते. जबर दणक्यानें दांडा वांकला, कीं चाकाच्या बुडाशीं पातळ पाचर घालावी, नाहींतर तो बदलावा. शिवाय मागचा आंस तिरपा असला, तर गाडी सरळ नेण्यासाठीं स्टिअरिंग वांकडें धरावें लागतें. घाईचा कारागीर तेवढेंच सरळ करतो, आणि रोग मागें तसाच राहतो.

खर्चाचा आंकडा ऐकून घरांत शांतता पसरली. परंतु आमची मुलगी त्या दिवसांत दर पंधरवड्याला ताम्हिणी घाटानें माणगांवला जात असे, आणि तिथला पाऊस ज्यानें पाहिला आहे त्याला फार सांगावें लागत नाहीं. ओल्या वळणावर पुढचीं चाकें घसरलीं, तर वेग आंवरून गाडी पुष्कळदां सांवरतां येते. मागचीं सुटलीं, कीं गाडी स्वतःभोंवतीं फिरते आणि चांगल्या चालकाचेंही कांहीं चालत नाहीं. म्हणूनच दोनच नवे टायर घेतल्यास ते मागें बसवावे, असें जाणते सांगतात.

अखेर आधीं दांडा बदलला, मग टायर. दुसऱ्या दिवशीं शेजारी गाडीभोंवतीं फिरून नव्या टायरांचें कौतुक करून गेले. दांड्याबद्दल कोणी अवाक्षर काढलें नाहीं. सरळ दांडा दिसतो कुणाला?