वाळूच्या पश्चिमेला मुक्काम

दिरांनी दोन जुन्या क्वाड, म्हणजे वाळूत चालणाऱ्या चारचाकी मोटरसायकली, विकत घेतल्या आणि पहिल्यांदा वाळूत जायचं ते इम्पीरियल ड्यून्सला, हे घरात न बोलताच ठरलं. सॅन दिएगोकरांना तेच जवळ. मला मात्र खरा प्रश्न त्याच्या पुढचा वाटत होता. कॅलिफोर्नियाच्या आग्नेय कोपऱ्यातला हा वाळूचा पट्टा मेक्सिकोच्या हद्दीपासून वायव्येकडे ६४ किलोमीटरांहून लांब पसरलेला आहे. सरासरी रुंदी ८ किलोमीटर, आणि त्यातल्या मोठ्या टेकड्या ९० मीटरपर्यंत चढतात. एवढ्या पसाऱ्यात आपला तंबू कोणत्या कडेला पडणार?

"वहिनी, आधी टायरचं बघू या. जागा काय, तिथे मोकळीच पडलीय," भावोजी म्हणाले.

"भावोजी, आपण सगळेच नवखे. पहिल्या दिवशी जे काही शिकू ते तंबूपासून हाकेच्या अंतरावर. मग ते अंतर कसं आहे, हे आधी नको का बघायला?"

पुतणी माझ्या बाजूला आली आणि जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरला.

जागेच्या आधी तारीख ठरली. वाळूतला हंगाम ऑक्टोबर ते एप्रिल. उन्हाळ्यात इथे पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. हंगामातही हॅलोविन, थँक्सगिव्हिंग, नववर्ष आणि फेब्रुवारीतला प्रेसिडेंट्स डे या सुट्ट्यांना वाळूत मोठं शहरच वसतं. जनरेटर, दिवे, रात्री उशिरापर्यंत धावणाऱ्या गाड्या. त्या जत्रेची मजा ज्याला हवी त्याला लखलाभ, पण ज्याला अजून क्लचच्या नेमक्या जागेचाही अंदाज नाही त्यानं तिथे जाऊ नये. पुतणीच्या कॉलेजची हिवाळी सुट्टी अजून शिल्लक होती. नववर्षाची गर्दी ओसरलेली आणि जानेवारीच्या तिसऱ्या सोमवारची सुट्टी यायची बाकी, अशा संक्रांतीच्या आठवड्यात, मधल्या वारी निघायचं ठरलं.

मग एकेक कड तपासली. दक्षिणेला आठ नंबरच्या महामार्गाला लागून बटरकप व्हॅली आहे. १९८२ मध्ये 'रिटर्न ऑफ द जेडाय'चं वाळवंटातलं चित्रीकरण तिथेच झालं. जवळच जुन्या लाकडी रस्त्याचे अवशेष जपून ठेवलेत. १९१५ पासून १९२६ पर्यंत मोटारी याच वाळूवर फळ्या अंथरून केलेल्या त्या अरुंद वाटेनं जात. जागा बघण्यासारखी, पण रात्रभर ट्रकांची घरघर उशाशी. उत्तर टोकाला मॅमथ वॉश सगळ्यात निवांत; मात्र तिथे सोयी नाहीत आणि मदतही लांब. निवांतपणा आणि एकटेपणा यांतलं अंतर नवख्यानं ओळखावं. मध्यावर, ७८ नंबरच्या रस्त्यावर ग्लॅमिस आहे. तिथे पूर्वेकडे एक पर्याय होता आणि पश्चिमेकडे दुसरा. या दोहोंतली निवड प्रत्यक्ष पाहूनच करायची, असं ठरवून आम्ही निघालो.

सॅन दिएगोहून पूर्वेला जाणारा महामार्ग डोंगर चढतो आणि मग मोठमोठ्या दगडांच्या राशींमधून इम्पीरियल खोऱ्यात झपाट्यानं उतरतो. एल सेंट्रो गाव समुद्रसपाटीच्या खाली आहे. कालव्यानं आणलेल्या कोलोरॅडो नदीच्या पाण्यावर इथे ऐन हिवाळ्यात लेट्यूस, गाजर आणि लसूणघासाची हिरवीगार शेतं दिसतात. ब्रॉलीत आम्ही पाण्याची पिंपं भरली, माणशी दिवसाला चार लिटर धरून, वर थोडं जास्तच. वाळूत पाण्याचा नळ नाही. जळणासाठी लाकूडही सोबत घेतलं. हंगामात लागणारा परवाना आधीच काढलेला होता. तो तिथे पोचून घेण्यापेक्षा आधी घेतला की स्वस्त पडतो.

ब्रॉलीनंतर शेतं संपतात, कोचेला कालवा ओलांडला जातो आणि वाळू एकदम समोर उभी राहते. रस्ता तिच्या मधोमध शिरतो. ऑसबोर्न ओव्हरलूकच्या उंचवट्यावर गाडी थांबवून आम्ही खाली उतरलो. शाळेच्या भूगोलात बारखाण आणि ऊर्मिचिन्हं यांच्या आकृत्या काढल्या होत्या. इथे त्या क्षितिजापर्यंत पसरलेल्या होत्या. या प्रदेशात एके काळी काहुइया नावाचं विशाल सरोवर होतं. ते आटल्यावर त्याच्या काठची वाळू वाऱ्यानं आग्नेयेकडे लोटत आणली, असं भूशास्त्रज्ञ सांगतात. रस्त्याच्या दक्षिणेला वाळूवर चाकांच्या रेघोट्याच रेघोट्या. उत्तरेला एकही नाही, कारण तिकडचा भाग १९९४ च्या कायद्यानं संरक्षित झाला आणि तिथे वाहनांना पूर्ण बंदी आहे. मधे फक्त एक डांबरी रस्ता.

आधी पूर्वेची बाजू पाहिली. ग्लॅमिसमध्ये दुकान आहे, पेट्रोल आहे आणि जवळच ओल्ड्समोबाइल हिल हा चढ, जिथे बलदंड इंजिनांच्या गाड्या चढाईला जमतात. मधल्या वारीही तिथे वर्दळ होती. रेल्वेमार्गाला समांतर एक कच्चा रस्ता दक्षिणेकडे जातो आणि त्याच्या कडेनं आकड्यांनी ओळखले जाणारे कोरडे ओढे लागतात. आयर्नवूड आणि पालो वेर्देची झाडं, मऊ सावली, माणसं विरळ. पाहताक्षणी मन बसावं अशी जागा. पण आम्ही तिथे उभे असतानाच मालगाडी आली. डबे मोजता मोजता पुतणी कंटाळली, तरी ती संपेना. हा युनियन पॅसिफिकचा मुख्य मार्ग, गाड्या रात्रीही जातात. शिवाय ओढा तो ओढाच. चॉकलेट माउंटन्सवर पाऊस पडला तर इथे निरभ्र आकाशाखाली लोंढा येऊ शकतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे उंच टेकड्या पूर्वेलाच आहेत. तंबूतून निघालेली पहिलीच वाट सर्वांत अवघड चढाला भिडली असती. आम्ही मागे फिरलो.

पश्चिमेला गेको रोड ७८ नंबरच्या रस्त्यावरून दक्षिणेकडे वळतो आणि वाळूच्या काठाकाठानं जातो. सुरुवातीलाच काहुइया रेंजर ठाणं आहे. ही सगळी जमीन ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट या सरकारी खात्याची. ठाण्यावरच्या बाईंना मी सरळ विचारलं, "आम्ही पहिल्यांदाच आलोय. शांत कुठे मिळेल?" त्यांनी बोट दक्षिणेकडे केलं: जितकं पुढे जाल तितकी माणसं कमी, आणि रस्त्याच्या शेवटी रोडरनर नावाचा तळ. वाटेत मुक्कामासाठी पक्के केलेले मोकळे पट्टे आहेत, त्यांना पॅड म्हणतात. तिथे ट्रेलर रुतत नाही आणि शौचालयं आहेत.

रोडरनरला पोचल्यावर मी आधी जमीन पाहिली. जिथे चाकांचे ताजे माग एकवटून वाळूत शिरतात तो तिथला हमरस्ता. त्याच्या तोंडाशी तंबू टाकला तर पहाटेपासून गाड्या कानाजवळून जाणार. शौचालयाला चिकटून उतरलं की रात्रभर दारांचे आवाज आणि बॅटऱ्यांचे झोत. फार लांब राहिलं तर अंधारात चाचपडणं. दोन्हींच्या मधे, हमरस्त्यापासून आडबाजूला, टणक जमिनीचा एक तुकडा सापडला. जवळच्या मुक्कामात एक वयस्कर जोडपं होतं. त्यांना नमस्कार करून, इथे उतरलो तर चालेल ना, असं विचारलं. तेही शांततेसाठीच आलेले. आपला जनरेटर ते संध्याकाळीच बंद करत.

ही जागा किती योग्य होती ते वाऱ्यानं दाखवलं. इथला मुख्य वारा पश्चिम-वायव्येकडून येतो. म्हणजे आम्ही वाऱ्याच्या अलीकडे आणि टेकड्या पलीकडे. त्यामुळे आत धावणाऱ्या गाड्यांचा आवाज वारा आमच्यापासून दूर नेत होता, आणि उडणारी वाळूही पूर्वेकडेच सरकत होती. आडोसा मात्र नव्हता. तो आम्ही ट्रेलर आडवा लावून केला. सैल मातीत तंबूच्या खुंट्या धरत नाहीत, म्हणून पिशव्यांत वाळू भरून त्या पुरल्या आणि दोर त्यांना बांधले.

क्वाडवर उंच लवचीक काठी बसवून तिला केशरी झेंडा लावला. जमिनीपासून ८ फूट उंचीचा हा झेंडा इथे सक्तीचा आहे, आणि त्याचं कारण पहिल्या तासातच उमगलं. दोन टेकड्यांच्या मधे शिरलं की पलीकडचं इंजिन ऐकूच येत नाही. समोरून कुणी चढत असलं तर शिखराच्या धारेवर आधी त्याचा झेंडा दिसतो, मग माणूस.

पश्चिमेच्या कडेला टेकड्या लहान, चढ सौम्य. वाऱ्याकडची बाजू दाबून बसलेली आणि कडक, पण धार ओलांडली की पलीकडे वाळू तीसेक अंशांच्या तिरक्या उतारावर सुटी टेकलेली असते. म्हणून धारेवर वेगानं जायचं नाही. माथा येताच गाडी किंचित आडवी घ्यायची, थांबायचं, पलीकडे पाहायचं, मग ठरवायचं. मधूनमधून वाऱ्यानं कोरलेले उखळासारखे गोल खळगेही असतात. पुतणीनं एकाच बुटक्या टेकडीवर हा माथ्यावरचा थांबा पुन्हा पुन्हा घोटला. सगळं तंबूच्या नजरेत चाललं होतं. दमली की ती येई, पाणी पिई, तिळाची वडी तोंडात टाकून परत जाई.

नकाशावरून न कळलेली एक गोष्ट इथे नीट समजली. पश्चिमेकडून आत जाताना सौम्य चढ एकामागून एक मिळत जातात आणि वाट सोपी वाटते. परतताना मात्र त्याच टेकड्यांच्या सुट्या, तीव्र बाजू समोर येतात. जाणं सोपं, येणं कठीण. म्हणून आम्ही सीमा आखली: ट्रेलरवर लावलेला मोठा झेंडा जिथून दिसेनासा होईल तिथून मागे वळायचं. ईशान्येला चॉकलेट माउंटन्सची गडद रांग कायम दिसत असते. ती पाठीशी घेतली की मुक्कामाच्या रोखानं येता येतं. भरदुपारी सगळ्यांनी गाड्या बंद ठेवल्या. ऊन डोक्यावर आलं की सावल्या जातात, चढउतार एकसारखे पांढरे दिसतात आणि अनुभवी माणसाचाही अंदाज चुकतो. तीननंतर सावल्या परतल्या, प्रत्येक धार पुन्हा उठून दिसू लागली आणि तेव्हा भावोजी निघाले.

पाचच्या सुमारास सूर्य गेला आणि थंडी झपाट्यानं उतरली. नवऱ्यानं पिठलं रटरटवलं, भाकरी घरून आणलेल्या होत्या. जेवणं झाल्यावर दिवे मालवले. पूर्वेकडे फार लांब मालगाडीचा भोंगा एकदा आला तेवढाच. मग कोयोटी ओरडले, आधी एक, मागून कळप. मृग नक्षत्र चढत होतं आणि व्याधाचा तारा एवढा झगझगीत, की पुतणीला तो आधी विमानच वाटला. शहरात वाढलेल्या त्या मुलीला तिच्या काकांनी रोहिणीपासून कृत्तिकेपर्यंत आकाश दाखवलं. जत्रेच्या तारखेला आलो असतो तर हे आकाश दिव्यांनी खाल्लं असतं.

सकाळी आम्ही ७८ नंबरच्या रस्त्याच्या उत्तरेला संरक्षित भागात पायी गेलो. तिथे वाळूवर फक्त वाऱ्याच्या लहरी आणि प्राण्यांच्या पावलांचे ठसे: कांगारू उंदराच्या उड्या, भुंग्याची नाजूक शिवण, एका लहान कोल्ह्याची सरळ ओळ. पीअर्सन्स मिल्कवेच ही चवळीच्या कुळातली वनस्पती याच वाळूपट्ट्याची रहिवासी. १९९८ मध्ये अमेरिकन सरकारनं तिला धोक्यातल्या प्रजातींच्या यादीत घातलं. गाड्यांसाठी बंद केलेल्या भागांवरून इथे वर्षानुवर्षं वाद झाले आहेत. त्या पावलांच्या ठशांत उभं राहिल्यावर माझं मत पक्कं झालं: रस्त्याच्या एका बाजूला धावण्याची मोकळीक हवी असेल, तर दुसरी बाजू अशीच ठेवण्याची राखण आपणच करायला हवी. निघताना आम्ही चुलीतली विझलेली राख, खिळे आणि प्लास्टिकचे तुकडे वेचून पोत्यात भरले, आमचे नव्हते तेही.

आमच्या मराठी मंडळींत आता कुणी वाळूत जायचं म्हटलं की मला विचारतात, क्वाड कुठली घ्यावी. मी आधी तारीख विचारते, मग वारा कुठून येतो ते सांगते, मग कडा. गाडी भाड्यानंही मिळते. पडायला, थांबायला, पुन्हा सुरुवात करायला लागणारी निवांत जागा मात्र शोधावी लागते, आणि ती सापडली तर माणूस न घाबरता शिकतो. पुतणीला पुढच्या खेपेस आतल्या उंच टेकड्यांपर्यंत जायचंय. भावोजींना ओल्ड्समोबाइल हिलचा पायथा गाठायचाय. दोघांनाही मी हो म्हटलंय, या अटीवर की तंबू गेको रोडच्या टोकालाच पडेल.