आराखडा आणि वापर

आम्ही जतसारख्या दुष्काळी तालुक्यात साहित्य शिकवतो. ‘धोरण’, ‘नेतृत्व’, ‘नवतंत्रज्ञान’ हे व्यवस्थापनशास्त्रातले शब्द आता विद्यार्थ्यांच्या निबंधांतही सहज येतात. मात्र त्यांच्यामागे माणूस क्वचितच दिसतो. तो पाहायचा तर आमच्याच जिल्ह्याचे पश्चिमेकडील टोक गाठावे लागते.

तेथे, वारणाकाठी, १९९८ साली सांगली आणि कोल्हापूर जिल्ह्यांतील ७० गावांना संगणकाने जोडण्याचा प्रकल्प सुरू झाला. केंद्र शासनाचे त्याला पाठबळ होते. शेतीसल्ला, बाजारभाव, शिक्षण, इंटरनेट असे बरेच काही त्यातून साधायचे होते. काही वर्षांनी मायक्रोसॉफ्टच्या बंगळूर येथील संशोधकांनी पाहिले, तेव्हा ही यंत्रे मुख्यत्वे सहकारी साखर कारखान्याच्या हिशेबात गुंतली होती. आपला ऊस किती भरला, हे शेतकऱ्याला हवे होते. संशोधकांनी मग संगणकाच्या जागी मोबाईलवरचा साधा एसएमएस आणला. सात गावांत आठ महिने चाचणी झाली. जुनी सगळी कामे त्यावर झाली, खर्च घटला आणि शेतकऱ्यांनाही तीच सोय अधिक पसंत पडली.

येथे नवे तंत्र जुन्यापेक्षा मोठे नव्हते, लहान होते. हीच गोष्ट आम्हांला महत्त्वाची वाटते. समीक्षेत आपण लेखकाचा हेतू आणि प्रत्यक्ष संहिता यांत भेद करतो. प्रकल्पाचा आराखडा हा हेतू, तर लोकांनी केलेला वापर ही संहिता. आराखड्याच्या प्रेमात न पडता वापर वाचणे, हेच तंत्रज्ञानातले नेतृत्व होय. यंत्रखरेदीचा निर्णय त्यानंतरचा.

२०२५ साली महाराष्ट्र शासनाने शेतीतील कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी ‘महाअ‍ॅग्री-एआय’ धोरण मंजूर केले. आमच्या सीमाभागात अनेकांच्या घरची भाषा कन्नड, शाळेची मराठी आणि बाजारात दोन्हींची सरमिसळ. उद्या द्राक्षाच्या वा डाळिंबाच्या बागेत उभा असलेला शेतकरी या सरमिसळ भाषेत यंत्राला प्रश्न विचारील. तो यंत्राला कळला नाही, तर शेतकरी अडाणी ठरेल की आराखडा अपुरा?

भाषेचे वाचन शिकवणाऱ्यांनी या प्रश्नाकडे परका म्हणून पाहू नये, असे आम्हांस वाटते.