केवढा घोडा झालाय!

मागच्या महिन्यात आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक फोटो आला. बहीण न्यू जर्सीला असते. आई तिच्याकडे गेली होती, म्हणून सगळे मिळून फ्लोरिडातलं डिस्ने वर्ल्ड बघायला गेले. अमेरिकेत मुलांकडे गेलेल्या आपल्याकडच्या बहुतेक आईवडिलांचा हा एक ठरलेला मुक्काम असतो. फोटोत भाचा बाबागाडीत झोपलेला. डोक्यावरचे मिकीचे कान तिरके झालेले, तोंड उघडं, गुडघे जवळजवळ हनुवटीला टेकलेले. वय सात वर्षं पूर्ण.

मग काय, ग्रुपला विषयच मिळाला. काका म्हणाले, "आम्ही या वयात चार मैल चालत शाळेत जायचो." मावशीने काळजीने विचारलं, "पाय दुखतात का गं त्याचे? डॉक्टरला दाखवलंस का?" आणि मी लिहिलं, "वरातीलाही हीच गाडी ठेवा, घोड्याचा खर्च वाचेल."

त्यावर हसण्याचे भरपूर इमोजी आले. बहिणीचं काहीच उत्तर आलं नाही.

खरं सांगतो, मी तेवढ्यावर थांबणार नव्हतो. आठवड्याला एक लेख लिहायचा असतो आणि विषय शोधताना जीव जातो. मथळासुद्धा डोक्यात तयार होता, 'चालायला विसरलेली पिढी'. नेटवर थोडं शोधलं तर कळलं, अमेरिकेत हा वाद जुनाच आहे. मोठ्या मुलांना थीम पार्कमध्ये बाबागाडीत बसवावं की नाही, यावर तिथले आईबाप वर्षानुवर्षं भांडतायत. अशा मुलांचे लोकांनी काढलेले फोटो गोळा करून टर उडवणारा एक ब्लॉगही २०११ साली तिथे गाजला होता. म्हटलं, आपला लेख झालाच.

तिसऱ्या दिवशी बहिणीचा फोन आला. आवाज शांत होता. ती शांत बोलायला लागली की मला लहानपणापासून भीती वाटते.

"दादा, मावशीला सांग, त्याला काहीही झालेलं नाही. त्याचे पाय ठणठणीत आहेत. तो दमला होता, एवढंच."

मग तिने दिवस सांगितला. सकाळी साडेसातला हॉटेल सोडलं. गाडी लावायची, तिथून ट्राम, मग बोट, तेव्हा कुठे मॅजिक किंगडमचा दरवाजा. तो उघडल्यापासून रात्री आतषबाजी संपेपर्यंत माणूस आतच असतो, कारण तिकीट दिवसाचं. दहा वर्षांच्या मुलाला तर मोठ्या माणसाचं तिकीट लागतं. एवढे डॉलर मोजल्यावर दुपारी चारला परत फिरायला आपण काय वेडे आहोत? लग्नाच्या पंगतीत जसं आहेर केलाय तर पोटभर जेवून जाऊ म्हणतो, तसंच. पैसे वसूल करायचे असतात आईबापाला, आणि ते वसूल करतात पोराचे पाय. आपण दोन पावलं टाकतो तिथे सात वर्षांचं पोर तीन टाकतं. वर फ्लोरिडाचं ऊन.

"आणि तो काही दिवसभर बसून नव्हता," ती म्हणाली. "साधी बाबागाडी रांगेत नेता येत नाही. प्रत्येक राइडच्या बाहेर पार्किंगला ठेवायची. मग तासभर रांगेत उभं राहायचं. ते त्याने सगळं केलं."

मला गंमत वाटली ती तिथल्या मोजमापांची. तिकिटासाठी पार्क वय विचारतो. राइडसाठी वय नाही, उंची मोजतो. स्पेस माउंटन म्हणून अंधारात सुसाट पळणारी एक राइड आहे, तिला ४४ इंच उंची लागते. आणि भाड्याच्या बाबागाडीसाठी मुलाचं वजन साधारण ५० पौंडांपर्यंत असावं असं सुचवतात, म्हणजे जवळजवळ २३ किलो. सातव्या वर्षी मुलाचं वजन साधारण तेवढंच भरतं. म्हणजे ज्यांचा हा धंदा आहे, त्यांच्या हिशेबात सात वर्षांचं मूल स्पेस माउंटनमध्येही बसतं आणि बाबागाडीतही. या दोन गोष्टी एकमेकींच्या विरुद्ध आहेत असं त्यांना वाटत नाही. ते आपल्याला वाटतं.

मी तरी माझा हेका सोडला नाही. म्हटलं, "अगं, पण सवय लागते ना. एकदा बसायला मिळालं की..."

ती म्हणाली, "दादा, फोटो नीट बघितलास का?"

"म्हणजे?"

"कडेला बघ. दांडा कोणी धरलाय?"

फोन चालू ठेवूनच फोटो उघडला, मोठा केला. उजव्या कोपऱ्यात बाबागाडीच्या दांड्यावर एक हात होता. हिरव्या बांगड्या, मनगटावर गोंदण. आईचा हात.

"तिला व्हीलचेअर घेऊया म्हणून मी दारातच हात जोडले," बहीण म्हणाली. "तयार झाली नाही. मी काय लंगडी आहे का, म्हणाली. तुझा तो विनोद ती विसरलेली नाही."

कुठला विनोद ते मला विचारावं लागलं नाही. आई मुंबईहून निघाली तेव्हा बहिणीने विमानतळावर व्हीलचेअर सांगून ठेवली होती. आईला तेव्हा चालता येत नव्हतं असं नाही. तिला इंग्रजी येत नाही. मध्ये विमान बदलायचं, गेट शोधायचं, इमिग्रेशनच्या साहेबाला उत्तरं द्यायची. व्हीलचेअर असली की ढकलणारा माणूस सोबत असतो, तो बरोबर पोचवतो. परदेशी एकटे जाणारे आपल्याकडचे कितीतरी म्हातारे आईबाप हेच करतात आणि बाकीचे प्रवासी त्यांच्याकडे बघून कुजबुजतात की बघा, चांगले धडधाकट आहेत. मी तर मुलगा. मी आईचा खुर्चीतला फोटो ग्रुपवर टाकून खाली लिहिलं होतं, "महाराणी एलिझाबेथ निघाल्या." तेव्हाही इमोजी आले होते.

तर त्या महाराणींनी डिस्नेमध्ये खुर्ची नाकारली. गुडघे दुखत होते, पण सांगायचं नाही. दुपारपर्यंत कशीबशी चालली. मग बहिणीने बाबागाडी भाड्याने घेतली आणि दांडा आईच्या हातात दिला. आई गाडीवर भार टाकून चालायला लागली. नातवाला ढकलणाऱ्या आजीला कोणी काही म्हणत नाही.

"ती गाडी मी त्याच्यासाठी घेतली की आईसाठी, हे मलाही नीट सांगता येणार नाही," बहीण म्हणाली. "संध्याकाळी तो उतरून चालतो म्हणाला, तर आईनेच त्याला परत बसवलं. रिकामी गाडी कशी ढकलणार ना."

यानंतर आमचं फार बोलणं झालं नाही. कॉमेंट डिलीट करायला गेलो, तर सगळ्यांकडून पुसायची मुदत निघून गेली होती.

त्या रात्री मला म्हसवड आठवलं. मार्गशीर्षात सिद्धनाथाचा रथ निघतो. माण तालुक्यातल्याच नव्हे, आजूबाजूच्या जिल्ह्यांतल्या लोकांची गर्दी असते, गुलालाने हवा लाल होते. मी आठ वर्षांचा असताना आण्णा मला घेऊन गेले होते. एसटीने गेलो, पुढे पायी. दुपारपर्यंत माझे पाय गेले. आण्णांनी न बोलता खांद्यावर घेतलं. शेजारी एक फेटेवाले म्हातारबाबा होते, ते म्हणाले, "आरं, केवढा घोडा झालाय, उतरव की खाली!" आण्णा म्हणाले, "त्याला रथ दिसाया नको का?"

बस. एवढंच उत्तर. पोराला काय आजार आहे, कधीपासून चालतंय, असलं काही त्यांनी सांगितलं नाही. रथ दिसायला पाहिजे, म्हणून खांद्यावर. आज माझ्या वयाच्या प्रत्येकाला जत्रेतला असा कुणाचा तरी खांदा आठवत असेल. मामाचा, चुलत्याचा. पाठकुळी, कडेवर, खांद्यावर हे शब्द आपल्या भाषेत उगीच आलेले नाहीत. मोठ्या मुलाला उचलून नेणं आपल्याला नवीन नाहीच. फरक एवढाच की बहिणीच्या घरी खांदे कमी आहेत. काका, मामा, आत्या सगळे इकडे, ग्रुपवर. तिकडे खांद्याच्या जागी चाकं आली आणि आम्ही खांदेवाले इथून हसत बसलो.

दुसरी बाजूही खरी आहे, ती लपवत नाही. गर्दीत बाबागाडी दुसऱ्याच्या टाचेवर आदळते. कुटुंबंच्या कुटुंबं एवढ्या मोठाल्या गाड्या आणायला लागली की डिस्नेने मे २०१९ पासून ३१ इंच रुंद आणि ५२ इंच लांब यापेक्षा मोठ्या गाड्यांना बंदी केली, ओढायच्या वॅगनही बंद केल्या. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने पाच वर्षांखालच्या मुलांना बाबागाडीत किंवा खुर्चीत सलग तासाभरापेक्षा जास्त जखडून ठेवू नका असं सांगितलं. पाच वर्षांवरच्या मुलांनी रोज सरासरी तासभर तरी दमणूक होईल असं खेळावं, पळावं असंही ती संघटना सांगते. रोज शाळेत, दुकानात, बागेत सात वर्षांचं धडधाकट मूल गाडीतून फिरत असेल आणि हातात मोबाइल असेल, तर माझा मथळा चुकीचा नाही. पण ती रोजची गोष्ट झाली. वर्षातून एखादा दिवस, बारा-तेरा तास, उन्हात, ही वेगळी गोष्ट. या दोन्हींत फरक करायचा तर त्या घरात राहावं लागतं. एका फोटोवरून तो करता येत नाही.

आणि गरज फोटोत दिसतेच असंही नाही. डिस्नेमध्ये एक लाल टॅग मिळतो. तो लावला की बाबागाडी व्हीलचेअर धरली जाते आणि रांगेत आत नेता येते. बहिणीला तिथे एक आई भेटली, दहा-अकरा वर्षांची मुलगी, गाडीला तो टॅग. ती म्हणे प्रत्येक वळणावर टॅग पुढे ओढून घ्यायची, लोकांना दिसावा म्हणून. बहीण म्हणाली, "दादा, ती मुलीपेक्षा त्या टॅगलाच जास्त सांभाळत होती."

हे ऐकून मला आमच्याकडचं सरकारी रुग्णालय आठवलं. काही वर्षांपूर्वी दिव्यांग प्रमाणपत्रांच्या शिबिराला गेलो होतो. प्रामाणिकपणे सांगतो, बोगस प्रमाणपत्रांची बातमी शोधायला गेलो होतो. पायऱ्यांशी एक बाई नऊ-दहा वर्षांच्या पोराला पाठीवर घेऊन उभी. रांगेतली दुसरी बाई म्हणाली, "मघाशी चालत हुतं की गं पोरगं, कशाला उचलतीस?" माझ्याही मनात तेच आलं. वहीत लिहूनही घेतलं, 'मूल चालते.' डॉक्टरांशी बोलल्यावर कळलं, स्नायू झिजत जाण्याचा आजार. अशी मुलं सपाट जागी काही पावलं चांगली चालतात, पायरीला अडतात, वारंवार पडतात. त्यातल्या एका प्रकारात बाराव्या वर्षाच्या आसपास बहुतेकांचं चालणं थांबतं. २०१६ च्या कायद्याने अपंगत्वाचे प्रकार ७ वरून २१ केले, त्यात हा आजार आहे, स्वमग्नताही आहे. कायद्याने यादी वाढवली. रांगेतल्या त्या बाईची आणि माझी नजर मात्र जुन्याच यादीवर होती, पाय आहेत का, मग चाल.

त्या मुलाला आणि माझ्या भाच्याला मी एका मापात बसवत नाही. एकाला आजार होता, दुसऱ्याला नुसता थकवा. पण दोघांच्या आयांना प्रश्न एकच विचारला गेला, पुरावा काय? आजारी असेल तर कागद दाखव, नसेल तर लाज वाट. या दोन्हींच्या मधे 'दमलाय' म्हणायला काही जागाच आपण ठेवलेली नाही. ना सात वर्षांच्या मुलाला, ना सत्तरीच्या आईला.

म्हणून तो लेख मी लिहिला नाही, हे लिहितोय. मोठ्या मुलाने थीम पार्कमध्ये बाबागाडीत बसावं का? माझं आता मत असं आहे की वय विचारू नका. दिवस केवढा आहे, अंतर किती आहे, सोबत उचलणारे किती आहेत, हे विचारा. तेही आईबापाने स्वतःला विचारायचं. आपण फक्त टाच सांभाळून बाजूला व्हायचं.

आई गेल्या आठवड्यात परत आली. या वेळी विमानतळावर मी स्वतः गेलो होतो. ती खुर्चीतून बाहेर आली आणि मला बघताच उठायला लागली. मी म्हटलं, "बस, गाडीपर्यंत मी ढकलतो." बसली. वाटेत मी हळूच विचारलं, डिस्नेत फार चालावं लागलं का गं?

"छे रे," म्हणाली. "मी कुठं चालले? पोराला झोप लागली होती, त्याची गाडी ढकलत होते."

मी बरं म्हटलं. यंदा तिला रथाला न्यायचंय. कसं न्यायचं ते ती ठरवेल.