फरक धुराड्याचा

मी रसायनशास्त्राचा शिक्षक, गाव विट्याजवळचं. आमच्या खानापूर-आटपाडी भागातली माणसं गलाईपायी, म्हणजे सोनं-चांदी वितळवून शुद्ध करण्याच्या धंद्यापायी, देशभर पांगलेली. भावकीत मी तेवढा शिकलो आणि शिकल्याचा तोरा त्यांच्यावरच मिरवला. त्यातही संगणकाच्या भंगारातून सोनं काढणारे म्हणजे अ‍ॅसिडशी खेळणारे अडाणी, असं माझं ठाम मत.

टोकियो ऑलिंपिकची पदकं जुन्या मोबाइल आणि छोट्या उपकरणांतल्या धातूंची होती. सुमारे ३२ किलो सोनं, ३,५०० किलो चांदी. वर्गात मी हे कौतुकानं सांगायचो. जपाननं केलं तर तंत्रज्ञान, भावकीनं केलं तर भंगारधंदा! हा दुटप्पीपणा मला कळत नव्हता असं नाही. सोयीचा होता, म्हणून टिकला.

तो मोडला एका चुलतभावाच्या गाळ्यात. आठवीत शाळा सोडलेला. रॅमच्या पट्ट्यांची सोनेरी टोकं कापून त्यानं आधी नुसत्या नायट्रिकमध्ये टाकली. तांबं, निकेल विरघळून पाणी हिरवं-निळं झालं, सोन्याचे पापुद्रे तेवढे उरले. ते गाळून आम्लराजात, म्हणजे हायड्रोक्लोरिक-नायट्रिकच्या मिश्रणात, विरघळवले. मग त्या पिवळ्या द्रावणात तो चिमूटचिमूट युरिया टाकू लागला. म्हटलं, "हे कशाला?"

"नायट्रिक उरलं की सोनं बसत न्हाई दादा. बसल्यालं बी परत विरघळतंय."

मी गप्पच झालो. आम्लराजाचं ३:१ प्रमाण मी वर्षानुवर्षं एका गुणासाठी घोकून घेतलं. उरलेल्या नायट्रिकचं काय करायचं, हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता. त्यानं सोडियम मेटाबायसल्फाइट टाकलं. पिवळा रंग ओसरला आणि काताच्या चुऱ्यासारखा तपकिरी गाळ तळाशी बसला. झळाळी नावाला नाही, पण सोनं तेच. वरच्या पाण्याच्या थेंबात स्टॅनस क्लोराइड घालून पाहिलं. जांभळा रंग आला नाही, म्हणजे द्रावणात सोनं उरलं नव्हतं. क्षपण, अवक्षेप हे शब्द त्याला माहीत नव्हते. बाकी सगळं माहीत होतं.

अ‍ॅसिडबद्दलची माझी भीती मात्र खोटी नव्हती. नायट्रिकचा तांबूस धूर गाळ्यात कोंडला होता, तो सारखा खोकत होता, आणि तांब्या-निकेलचं पाणी गटाराला लागत होतं. पण हे अडाणीपण नव्हे. जपानी कारखान्यात आणि त्याच्या गाळ्यात फरक होता तो धुराड्याचा आणि सांडपाण्याच्या टाकीचा. ती दोन्ही पैशानं येतात, अकलेनं नाही.

२०२२च्या ई-कचरा नियमांनी पुनर्चक्रण करणाऱ्यांना नोंदणी सक्तीची केली, ते योग्यच. पण एकटा गाळेवाला तिथवर पोचणार कसा? पूर्वी मी म्हणायचो, हे गाळे बंद करा. आता म्हणतो, त्यांना सामाईक धुराडं आणि टाकी द्या, आणि नोंदणीकृत कारखान्यांनी त्यांना हमाल म्हणून नव्हे, कारागीर म्हणून कामावर घ्यावं.