टोरंटोतली भांगलण

ऑक्टोबरातल्या एका सकाळी मागचं दार उघडलं, तर अंगणातलं गवत उलटं पडलेलं. सतरंजीची कडा धरून कुणी मागे दुमडावी, तशी हिरवळीची पट्टीच्या पट्टी दुमडलेली आणि खाली उघडी माती. रात्री रॅकून येऊन गेले होते. एक तुकडा उचलला, तर तो अलगद हातात आला. त्याला मुळंच उरली नव्हती. मातीत पांढऱ्या, जाडसर, तपकिरी डोक्याच्या अळ्या अर्धवर्तुळात वळून पडल्या होत्या. फोन लावून आईला दाखवल्या. कराडजवळच्या आमच्या गावात तेव्हा संध्याकाळ होत आली होती.

"अगं, ही तर हुमणी," आई म्हणाली. "उसाला लागती ती."

इथे येऊन मला अकरा वर्षं झाली. या काळात इथलं काही आईनं बघताक्षणी ओळखलं, असं पहिल्यांदाच घडलं. बर्फ, मेपल, रॅकून, सगळं तिला समजावून सांगावं लागलं होतं. ही अळी मात्र तिनंच मला समजावली. भुंगेरे कधी निघतात, अंडी कुठे घालतात, अळी कधी वर येते आणि कधी खोल जाते, सगळं. आमच्याकडे वळवाचा पाऊस पडला की संध्याकाळी भुंगेरे कडुनिंबावर, बाभळीवर जमतात. इथे ते जून-जुलैत निघतात. इथल्या जाती वेगळ्या, युरोपियन चेफर आणि जपानी बीटल, पण कूळ तेच आणि भूकही तीच. शरदात मुळं खायची, थंडीत गोठणाऱ्या थराच्या खाली जायचं, वसंतात पुन्हा वर यायचं. रॅकून आणि स्कंक त्यांच्याच वासावर येतात. मी सकाळी रॅकूनवर चिडले होते, ते उगाच.

स्कारबरोतलं हे घर आम्ही त्याच्या आदल्या हिवाळ्यात घेतलं. अंगण बर्फाखाली होतं, त्यामुळे काय घेतोय ते कळलं नव्हतं. मे महिन्यात कळलं. सगळीकडे डँडेलियनची पिवळी फुलं. जिथे येण्याजाण्यानं माती दगडासारखी घट्ट झाली होती तिथे रुंद पानांचं प्लँटेन. नॉर्वे मेपलच्या दाट सावलीत, गवत जिथे टिकत नाही तिथे, जमिनीला चिकटून पसरलेली क्रीपिंग चार्ली. शेतकऱ्याच्या घरात जन्मले, पण शाळा-कॉलेजच्या धबडग्यात खुरपं हाती फार कमी आलं. त्या मेमध्ये मी दोन चुका केल्या. गवत अगदी बुडापासून कापलं आणि लगेच बी पेरलं.

बुडापासून कापलेल्या गवताला अन्न तयार करायला पान राहत नाही आणि उघड्या मातीवर ऊन पडलं की तणाचं बी उगवतं. हे गवत तीन इंच ठेवायचं आणि एका वेळी उंचीचा तिसरा हिस्साच कापायचा, हे मला नंतर समजलं. (फार वाढवूनही चालत नाही. वीस सेंटिमीटरच्या वर गेलं की टोरंटो शहराचा नियम आड येतो.) दुसरी चूक मोठी होती. इथलं लॉनचं गवत, केंटकी ब्लूग्रास आणि त्याचे भाऊबंद, थंड हवेचं. जुलैच्या उन्हात ते तपकिरी पडून झोपी जातं. नेमक्या त्याच उन्हावर क्रॅबग्रास माजतं. मेमध्ये पेरलेली कोवळी रोपं जूनपर्यंत तग धरून होती, जुलैत क्रॅबग्रासनं ती गिळली. पेरणीचा काळ ऑगस्टअखेर ते सप्टेंबरचा मध्य. तेव्हा माती अजून उबदार असते, रात्री गार होऊ लागतात आणि पहिल्या कडाक्याला क्रॅबग्रास आपोआप मरतं. आईला हे सांगितलं, तर ती म्हणाली, "म्हणजे रब्बीचं पीक म्हण की." तेच होतं. शाळूची पेरणी जूनमध्ये कुणी करत नाही, आणि मी ती केली होती.

दुसऱ्या वर्षी मी आईचं ऐकत गेले. तिचा पहिला नियम होता वाफसा. इथली माती चिकण आहे. बर्फ वितळल्यावर ती आठवडेच्या आठवडे ओली राहते, आणि ओल्या चिकण मातीवर पाय दिला की ती विटेसारखी बसते. एप्रिलभर मी रोज मूठभर माती दाबून पाहायचे. गोळा होऊन बोटांच्या धक्क्यानं फुटू लागली, त्या दिवशी दाताळं घेऊन बाहेर पडले. वाफसा या शब्दाला इथल्या कुणाकडे एका शब्दाचं उत्तर नाही, पण शेजारचे जुने बागवाले मूठ दाबूनच पाहतात, हे मला तेव्हा दिसलं.

मग भांगलण. डँडेलियनचं मूळ गाजरासारखं सरळ खोल जातं. वरून तोडलं तर उरलेल्या तुकड्यातून पुन्हा फुटतं. गावाहून आणलेलं खुरपं त्याला पुरेना, म्हणून लांब दांड्याचं, दुबेळकं टोक असलेलं इथलं हत्यार घेतलं. पाऊस पडून गेल्यावर मूळ अख्खं निघतं. कोरड्यात तुटतं. गुडघे टेकून वीतभर जागा संपवायची आणि पुढे सरकायचं. बांधावर ओळीनं बसून भांगलणाऱ्या बायकांच्या पाठी मी लहानपणी रोज पाहिल्या. त्या पाठींना काय होत असेल, ते वयाच्या चाळिशीत, तेही टोरंटोत कळलं.

फवारणी करून हे काम एका दुपारी संपलं असतं. इथे तो रस्ता बंद आहे, आणि तो बंद आहे याचा मला मनापासून आनंद आहे. या बंदीची सुरुवात क्युबेकमधल्या हडसन या छोट्या गावातून झाली. तिथल्या त्वचारोगतज्ज्ञ डॉ. जून अर्विन १९८५ पासून गावाच्या बैठकांना जाऊन लॉनवरच्या फवारणीबद्दल प्रश्न विचारत राहिल्या. १९९१ मध्ये गावानं शोभेसाठीची फवारणी बंद केली. फवारणी करणाऱ्या दोन कंपन्या कोर्टात गेल्या, आणि २००१ मध्ये कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयानं गावाचा अधिकार मान्य केला. मग टोरंटोनंही आपला नियम केला. २२ एप्रिल २००९ पासून सगळ्या ओंटारियोत निव्वळ शोभेसाठी तणनाशकं, कीटकनाशकं मारण्यावर बंदी आली. शेती आणि गोल्फची मैदानं त्यातून वगळली आहेत. एक बाई वर्षानुवर्षं बैठकीला जाते आणि त्यातून माझ्या अंगणात माझी मुलगी अनवाणी लोळू शकते, याचं मोल मला फार वाटतं.

बंदीतलं एक नाव माझ्या ओळखीचं निघालं. टू-फोर-डी. दुसऱ्या महायुद्धानंतर बाजारात आलेलं हे औषध रुंद पानाच्या झाडाला मारतं आणि गवताला सोडतं, म्हणून ते लॉनवाल्यांच्या गळ्यातला ताईत झालं. आणि ऊस हेही गवतच. आमच्या उसात आता तेच मारतात. आईला विचारलं, तर ती म्हणाली, "भांगलायला बायका मिळत नाहीत. काय करायचं? पण बांधावरची पाथरी गेली, तांदुळजा गेला. आता भाजी बाजारातनं." 'तण खाई धन' हे खरं आहे, आणि तिच्या हातातला पंप माझ्या अंगणातल्या हौसेशी तोलणं अन्यायाचं होईल. पण पाथरी गेल्याचं तिनं ज्या आवाजात सांगितलं, तो आवाज माझ्यासोबत राहिला.

त्याच औषधानं इथल्या क्लोव्हरलाही तण ठरवलं. त्याआधी क्लोव्हरचं बी गवताच्या बियांत मिसळून मुद्दाम विकलं जायचं. औषध दोघांत भेद करीना, डँडेलियनबरोबर क्लोव्हरही मरू लागलं, मग तेही नकोशांच्या यादीत गेलं. मी ते उपटलं नाही. द्विदल आहे. मुळावर हरभऱ्यासारख्या गाठी असतात आणि हवेतला नत्र मातीत येतो. बेवड, म्हणजे आधीच्या पिकानं मातीत मागे ठेवलेला कस, ठाऊक असलेल्या घरातली मुलगी ते उपटेलच कशाला?

ऑगस्टच्या शेवटी दोन्ही कामं एकदम आली. हुमणीसाठी सूत्रकृमी आणले. डोळ्यांना न दिसणारे हे जंत अळीच्या अंगात शिरून तिला मारतात. उन्हानं ते मरतात, म्हणून सूर्य मावळताना, आधी माती भिजवून, झारीनं सोडले आणि पुढचे दिवस माती ओली ठेवली. आई म्हणाली, तसले आता आमच्याकडेही उसाला सोडतात. मग भाड्याच्या एरेटरनं मातीच्या कांड्या काढल्या, वर कंपोस्टचा पातळ थर पसरला आणि बी टाकलं. रायग्रास आठवड्यात उगवलं. ब्लूग्रासनं तीन आठवडे वाट पाहायला लावली. एका सकाळी दहिवर पडलेलं असताना तिरप्या उजेडात केसासारखी बारीक हिरवी पाती दिसली. मी कामावर जायची थांबून तिथेच पायरीवर बसले.

त्या ऑक्टोबरात रॅकून आले, पण दोन-चार ठिकाणीच उकरून गेले.

शेजारी एक इटालियन आजी राहतात. साठ वर्षांपूर्वी कालाब्रियाहून आलेल्या. मी डँडेलियन खणत असताना त्यांनी कुंपणावरून विचारलं, "इथे कधी काही मारलंयस का?" नाही म्हटल्यावर फुलं यायच्या आतली कोवळी पानं त्यांनी मागून घेतली. उकळून, लसूण आणि ऑलिव्ह तेलावर परतून एक वाटी मला आणून दिली. कडवट होती, आमच्या पाथरीच्या अंगानं जाणारी. मी आईला व्हिडिओवर वाटी दाखवली. ती बराच वेळ बघत राहिली आणि मग म्हणाली, "डाळीच्या पिठात करून बघ."

कुंपणालगतची चार फुटांची पट्टी मी त्यानंतर खणलेली नाही. एप्रिल संपताना आजी सुरी आणि पिशवी घेऊन येतात, त्या बाजूनं एक रांग घेतात, मी या बाजूनं.