मोठ्या गाडीचा हट्ट मी सोडला

पंधरा वर्षं आमच्या दारात ऑल्टो होती आणि त्यातली पहिली काही वर्षं ती मला मुळीच आवडत नव्हती. 2010 साली ह्यांनी ती घेतली तेव्हा त्यांचा निकष एकच होता, अ‍ॅव्हरेज. मला वाटायचं, घरात गाडी यायची तर ती भरदार हवी. दार लावल्यावर जड आवाज यावा, चिपळूणला माहेरी गेल्यावर दादाच्या अंगणात ती उठून दिसावी. "पुढच्या वेळी मोठी घेऊ," हे आमच्याकडे इतक्यांदा बोललं गेलं होतं की मुलांनी ते ठरलेलंच धरलं होतं.

ती पुढची वेळ 2025च्या अखेरीस आली. जुन्या गाडीच्या नोंदणीची पंधरा वर्षं भरत आली होती, मुलगा कमावता झाला होता, पैशाची ओढाताण नव्हती. आणि मी म्हणाले, लहानच गाडी घेऊ. हे क्षणभर माझ्याकडे बघतच राहिले. दादाचा तर फोनच आला, "अगं, आता तरी ऐसपैस गाडी घे की!" त्याला फोनवर नीट सांगता आलं नाही, ते इथे सांगते.

माझं मत बदललं ते गाडी माझ्या हातात आल्यावर. ह्यांची बदली सांगलीला झाली, गाडी कराडला माझ्याकडे राहिली आणि मी पाटणच्या शाळेत तिनेच जाऊ लागले. शेजारी बसून गाडीबद्दल जे मत होतं ते चालवताना टिकेना. मंडईच्या गर्दीत, हातगाडी आणि रिक्षा यांच्या मधून, मोठ्या गाडीवाले जिथे काच खाली करून वाद घालत उभे असायचे तिथून मी निघून जायचे. जेमतेम साडेतीन मीटर लांबीची गाडी. शाळेच्या फाटकाशी एका दमात वळायची, पुढेमागे करावं लागायचं नाही.

खरा फरक कळला तो चिपळूणच्या वाटेवरच्या कुंभार्ली घाटात. कोयनानगर, हेळवाक सोडलं की रस्ता खाली पोफळीकडे उतरायला लागतो. पावसाळ्यात दहा हातांवरचं दिसत नाही. समोरून जांभ्या चिऱ्यांनी भरलेले ट्रक कण्हत वर येतात, वळणावर एसटी आली की तिला सगळा रस्ता लागतो. अशा वेळी कडेच्या गटाराला धरून अंग चोरून उभं राहता येणं ही चैन नाही, गरज आहे. परत येताना तोच घाट चढायचा. तेव्हा दुसऱ्या गिअरवर, एसी बंद करून, 796 सीसीचं ते तीन सिलिंडरचं इंजिन आम्हाला चौघांना सामानासकट वर आणायचं. हळू आणायचं, हे खरं. पण त्या घाटात कुणीच वेगाने जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

तिथेच मला अ‍ॅव्हरेजचा अर्थ लागला. तोवर तो शब्द मला काटकसरीचा, थोडा चिकटपणाचा वाटायचा. गाडी चढावर नेताना इंजिनाला आपलं आणि गाडीचं मिळून सगळं वजन उचलावं लागतं. आमची ऑल्टो सव्वासातशे किलोच्या आसपास होती. मोठ्या सात आसनी एसयूव्हीचं वजन पावणेदोन-दोन टनांपर्यंत जातं. शाळेत जाताना गाडीत मी एकटी. साठ किलोची बाई पोहोचवायला दोन टन लोखंड रोज पाटणपर्यंत ओढत न्यायचं आणि संध्याकाळी परत आणायचं, हा विचार एकदा मनात आला आणि मग तो गेला नाही. गावातल्या रस्त्यावरही तेच. प्रत्येक ब्रेकला आपण मिळवलेला वेग उष्णता होऊन फुकट जातो आणि पुन्हा तेवढा वेग घ्यायला पेट्रोल जळतं. गाडी जितकी जड तितकं जास्त.

याच घाटाने मला आणखी एक गोष्ट शिकवली. उतारावर पेट्रोल वाचवायला गाडी न्यूट्रल करणारे पुष्कळ लोक मी पाहिले आहेत, मलाही तसंच सांगण्यात आलं होतं. आजच्या फ्युएल इंजेक्शनच्या गाड्यांमध्ये हे उलटं आहे. गिअरमध्ये ठेवून अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय काढला की इंजिनाला जाणारं पेट्रोल जवळजवळ थांबतं, कारण चाकंच इंजिन फिरवत असतात. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला ते लागतंच. शिवाय इंजिनाचा ब्रेक सुटतो, सगळा भार पायाखालच्या ब्रेकवर येतो आणि ते तापतात. कुंभार्लीत, आंबा घाटात, कुठेही, कृपा करून न्यूट्रलवर उतरू नका.

कंपनी सांगते तेवढं अ‍ॅव्हरेज रस्त्यावर मिळत नाही, ही तक्रार सगळ्यांचीच असते. त्यात फसवणूक नाही. पुण्याच्या टेकडीवर एआरएआय ही संस्था 1966पासून आहे. तिथल्या चाचणीत गाडी रोलरवर, ठरलेल्या वेगाच्या आलेखानुसार आणि एसी बंद ठेवून चालवतात. तिथे ना घाट, ना कराडचा बाजार. दोन गाड्यांची तुलना करायला तो आकडा उपयोगी, एवढंच. बाकी आपल्या उजव्या पायावर आणि टायरमधल्या हवेवर आहे. ताशी 80 वरून 100 वर गेलं की हवेचा विरोध दीडपटीहून जास्त होतो.

आता सुरक्षिततेबद्दल. मोठ्या गाडीसाठीचा माझा सगळ्यात खरा मुद्दा हाच होता आणि तो मी सोडलेला नाही. 2014 साली ग्लोबल एनकॅप या संस्थेने भारतातल्या पाच लहान गाड्यांची धडक चाचणी जाहीर केली. ऑल्टो 800, नॅनो, आय10, फिगो आणि पोलो, पाचही एअरबॅगशिवायच्या. पाचही गाड्यांना प्रौढ प्रवाशांच्या सुरक्षिततेसाठी शून्य तारे मिळाले. ते वाचलं त्या रात्री मुलांना घेऊन उतरलेले सगळे घाट मला आठवले. पण त्याच चाचणीत पुढे दोन एअरबॅग लावलेल्या पोलोला चार तारे मिळाले. गाडी तीच, आकार तोच. तिचा सांगाडा मुळात टिकाऊ होता, ऑल्टोचा आणि नॅनोचा नव्हता. म्हणजे दोष लहान आकाराचा नाही, कमी दर्जाच्या बांधणीचा आणि वाचवलेल्या एअरबॅगचा आहे. समोरून जड वाहन आलं तर हलक्या गाडीला धक्का जास्त बसतो, हे भौतिकशास्त्र मला मान्य आहे. म्हणून तर बांधणीत तडजोड नको.

म्हणूनच या वेळी आम्ही पुन्हा ऑल्टो घेतली नाही. ऑल्टो के10चं अ‍ॅव्हरेज कागदावर 24.39, आता सहा एअरबॅगही येतात; पण 2023च्या चाचणीत, तेव्हाच्या दोन एअरबॅगसह, तिला प्रौढांसाठी दोनच तारे आणि मुलांसाठी शून्य मिळाले होते. आम्ही घेतली ती टियागो; तिला 2020 साली, तेव्हाच्या फक्त समोरून धडकेच्या चाचणीत, प्रौढांसाठी चार तारे होते. तिचं अ‍ॅव्हरेज कागदावर एकोणीस-वीसच्या घरात. लिटरमागे ते चार-पाच किलोमीटर मी समजून उमजून सोडले. 22 सप्टेंबर 2025पासून लहान गाड्यांवरचा कर सेससकट 29 टक्क्यांवरून 18 टक्क्यांवर आला आहे, त्यामुळे खर्चाचंही फार ओझं वाटलं नाही.

मुलाने विचारलं, "आई, आपण सगळे जेजुरीला जातो तेव्हा काय करायचं?" वर्षातून एकदा खंडोबाला जाताना आम्ही सात-आठ जण असतो. त्या दिवशी मोठी गाडी भाड्याने करायची. वर्षातल्या एका-दोन दिवसांसाठी बाकीचे दिवस तीन रिकाम्या सीटा ओढत फिरायच्या, त्यांचं पेट्रोल, त्यांचे महाग टायर, त्यांची जागा शोधत गल्लीत घिरट्या, हे मला पटत नाही. आज देशात विकल्या जाणाऱ्या प्रवासी गाड्यांत निम्म्याहून जास्त एसयूव्ही आहेत आणि त्यातल्या कित्येकांत रोज एकच माणूस बसलेला मला कराड-पाटण रस्त्यावर दिसतो. रस्ता मात्र तेवढाच आहे.

तुम्ही गाडी बघायला जाल तेव्हा आधी चाचणीतले तारे विचारा, मग अ‍ॅव्हरेज. रोज गाडीत किती जण बसतात ते घरी मोजून जा. आणि शोरूमसमोरच्या सरळ रस्त्यावर एक चक्कर मारून समाधान मानू नका. गाडी तुमच्या गल्लीत, तुमच्या चढावर, घरातल्या बाईच्या हाती देऊन चालवून बघा. मगच सही करा.