कुठलं दार फुटतं?

कोडी जुळली होती, कोड चालत होता, पण पडद्यावर नुसते तपकिरी आणि निळे चौकोन. माझ्या खेळात शेताला पाणी द्यायचं असतं. पाटाचं पाणी एका वेळी एकाच वाफ्याला मिळतं. पुढचं दार, म्हणजे वाफ्यात पाणी घ्यायची वाट, फोडायचं तर आधीचं बुजवावं लागतं, आणि पाणी चढाला जात नाही. एवढ्या तीन नियमांवर सगळी कोडी उभी आहेत. खेळणाऱ्यांना ती आवडत होती, पण चौकोनांकडे पाहून कुणी खिशात हात घालणार नव्हतं.

मला धीर होता जोनाथन ब्लो यांच्या ‘ब्रेड’ (पाव नव्हे, वेणी) या खेळाचा. 2006 साली इंडिपेंडंट गेम्स फेस्टिव्हलमध्ये त्याला डिझाइनचं पारितोषिक मिळालं, तेव्हा त्यातली चित्रं कच्चीच होती. वेबकॉमिक काढणारे डेव्हिड हेलमन त्यानंतर आले, आणि ऑगस्ट 2008 मध्ये खेळ बाजारात आला तो जलरंगातल्या स्वप्नासारखा. म्हणजे कोडी आधी, चित्रं नंतर, हा क्रम चालतो. याउलट ‘बाबा इज यू’ या 2019 च्या खेळाची साधी, थरथरती चित्रं फिनलंडच्या अर्वी तेइकारी यांनी स्वतःच काढली. माझा हात तेवढाही चालत नाही.

म्हणून चित्रकार शोधायला निघालो. पोर्टफोलिओ ढिगाने आले. ड्रॅगन, चिलखती योद्धे, पावसात भिजलेली निऑन शहरं. हात एकापेक्षा एक तयार; पण त्यावरून मला हवं ते कळेना. म्हणून दोघांना एकेका पडद्याचं काम दिलं, अर्थात पैसे देऊन. ‘आधी नमुना काढून दाखवा, मग बघू’ ही फुकटेगिरी आपल्याकडे फार चालते, आणि मला ती आवडत नाही.

पहिल्याने संध्याकाळचं शेत काढलं. तिरपं ऊन, उसाची सळसळ, बांधावर लांबलेल्या सावल्या. चौकट करून भिंतीवर लावावं असं. मित्रांना खेळायला दिलं तर ते सावल्यांवरच बोट ठेवत राहिले. त्यांना ती दारं वाटली. कोड्याच्या खेळात खेळाडू चित्र बघत नाही, वाचतो. हलणारी वस्तू न हलणारीपासून लांबूनच वेगळी दिसली पाहिजे, नाहीतर तो कोडं सोडून चित्रकाराशीच झगडत बसतो.

दुसरी मुलगी सांगलीकडची. तिने काहीच न काढता आधी फोन केला. “सर, यातलं कुठलं दार फुटतं आणि कुठलं कायमचं बंद?” मी सांगितलं. मग म्हणाली, “आणि भिजलेला वाफा कसा कळणार? माती काळी पडते ना?” तिला हे घरचंच होतं: रात्रीची लाइट आली की तिचे वडील शेतात दारं धरायला जायचे आणि ही बॅटरी घेऊन मागे. तिने फुटणाऱ्या दाराला गवत मिसळलेल्या चिखलाचं ढेकूळ दिलं, कायमच्या बंद दाराला दगड. पाणी पोहोचलं की वाफा गडद होतो. मी टाकलेली हिरवी बरोबरची खूण काढूनच टाकली. सगळं करड्या छटांत पालटून पाहिलं, तरीही कळत होतं. रंगांधळ्या खेळाडूंची सोय त्यातच झाली.

काम तिला दिलं आणि करार लेखी केला. 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार हक्क लेखीच द्यावे लागतात. मुदत लिहिली नाही तर ते पाच वर्षांपुरते, प्रदेश लिहिला नाही तर भारतापुरते, आणि वेगळं ठरलेलं नसेल तर वर्षभरात न वापरलेला हक्क परत जातो. आमचा खेळ वर्षात होणारा नव्हता आणि विकायचा होता जगभर, म्हणून तिन्ही गोष्टी स्पष्ट लिहिल्या. तिनेही दोन कलमं घालून घेतली: चित्रं पोर्टफोलिओत दाखवण्याची मुभा, आणि नाव शेवटच्या यादीत नव्हे, सुरुवातीच्या पडद्यावर. विक्रीतला वाटा मी मानधनाच्या वर ठेवला, मानधनाऐवजी नाही. न झालेल्या विक्रीतून घरभाडं भरता येत नाही.

स्टीमच्या ऑनलाइन दुकानात खेळाच्या नावासकट दिसणारं बोटभर चित्र अजून व्हायचंय. त्याचे पैसे वेगळे ठरलेत, आणि सगळ्या कामात आकाराच्या मानाने सर्वांत महाग तेच आहे. गिऱ्हाईक ते पाहूनच आत येतं.